विजयदुर्गाला एक दिवस जमिनीवर: शिडाच्या सफरीतले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर हिवाळ्यात आम्ही काही मित्र ३६ फुटी शिडाच्या बोटीतून मुंबईहून पणजीला जातो. दिघी, दाभोळ, जयगड असे मुक्काम करत चौथ्या संध्याकाळी विजयदुर्गाला वाघोटण खाडीत नांगर टाकतो. पाचवा दिवस अख्खा जमिनीवर. मग मालवण आणि पणजी. दरवर्षी दोन-तीन नवी माणसं सोबत असतात आणि त्यांचे निम्मे प्रश्न समुद्राबद्दल नसतातच, त्या एका दिवसाबद्दल असतात. तीच तीच उत्तरं फोनवर देऊन घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

सफर समुद्राची आहे, मग एक अख्खा दिवस जमिनीवर कशाला?

पहिलं कारण बोटीचं. गोडं पाणी भरायचं असतं, डिझेल बघायचं असतं, चार दिवसांत सैल झालेले दोर आवळायचे असतात. दुसरं कारण माणसांचं. ३६ फुटांत सहा माणसं चार दिवस राहिली की कोण चहात साखर किती घालतो यावरून अबोला सुरू होतो. एक दिवस प्रत्येकाला आपापल्या दिशेने चालू द्यावं. संध्याकाळी सगळे पुन्हा माणसांत आलेले असतात.

विजयदुर्गच का? मालवण जास्त प्रसिद्ध आहे.

मालवणला आम्ही थांबतो, पण तिथे बोट सोडून दिवसभर फिरायला माझं मन धजत नाही. बंदर उघडं आहे आणि आजूबाजूला पाण्याखाली खडकच खडक. विजयदुर्गाचं तसं नाही. खाडीच्या मुखावर किल्ला आडवा उभा आहे, त्याच्या आड पाणी शांत. बहुतेक कोकणी खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा साचतो आणि ओहोटीला आत शिरणं जिकिरीचं होतं. वाघोटणच्या मुखाशी तो त्रास नाही. पावसाळ्यातही इथे मोठी गलबतं आसऱ्याला यायची असं जुन्या गॅझेटियरमध्येच नोंदलेलं आहे. आंग्र्यांनी आरमार इथे ठेवलं ते काही देखावा बघून नव्हे.

विजयदुर्ग मुंबईपासून समुद्राने किती लांब?

साधारण १४५ सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. आमची बोट चांगल्या वाऱ्यावर तासाला पाच मैल कापते, म्हणजे न थांबता गेलं तर तीस तासांच्या आत पोचता येईल. पण रात्री किनाऱ्यालगत मच्छीमारांची जाळी पसरलेली असतात, थर्माकोलचे तुकडे नि रिकामे कॅन बांधून. अंधारात ती दिसत नाहीत, बोटीच्या इंजिनाच्या पंख्यात मात्र बरोबर अडकतात. म्हणून रात्री मुक्काम. पुढे पणजी आणखी सत्तरेक मैल.

जमिनीवरचा दिवस नेमका कोणत्या तारखेला?

तारीख विचारू नका, तिथी विचारा. हे नव्या लोकांना चेष्टेचं वाटतं, पण आमच्या सफरीचं वेळापत्रक खरोखर पंचांगावरून ठरतं, कारण पंचांग चंद्रावर चालतं आणि भरतीही.

किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. दिवसातून दोनदा भरती येते, मधलं अंतर सव्वाबारा-साडेबारा तासांचं, आणि रोज ती पाऊण तासाने पुढे सरकते. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं.

आता आम्हाला काय हवं असतं बघा. सकाळी आठच्या सुमारास होडी धक्क्याला नीट लागावी, म्हणजे तेव्हा पाणी भरलेलं हवं. दुपारी ओहोटी चालेल, उलट बरीच, कारण खडक उघडे पडतात आणि कालवं फोडणाऱ्या बायका दिसतात. संध्याकाळी सहाला परतताना पाणी पुन्हा चढतं असावं. हे सगळं जमतं दशमी-एकादशीला. दशमीची भरती सकाळी साडेसातला, ओहोटी दुपारी दोनच्या आत, रात्री आठला परत भरती. म्हणून पौष किंवा माघ दशमीला विजयदुर्ग, असं आधी ठरवतो आणि तिथून चार दिवस मागे मोजून मुंबईहून निघायचा दिवस काढतो. ऑफिसची रजा त्याप्रमाणे टाका. साहेबाला ‘दशमी आहे’ असं सांगितलं तर तो घरी काही धार्मिक असेल असं समजून रजा लगेच देतो, हा आमच्यातल्या एकाचा अनुभव.

हा पाऊणपटीचा हिशेब मिनिटावर बरोबर येतो का?

नाही. जागेप्रमाणे अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि मुंबईपेक्षा दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. आम्ही छापील तक्तेही बघतो. पण फोनची बॅटरी गेल्यावरही तिथी आठवत असते, हा फायदा मोठा आहे.

पाण्याच्या उंचीतही फरक आहे. मुंबईत उधाणाला पाणी पाचेक मीटर चढतं-उतरतं. दक्षिणेकडे हा फरक कमी होत जातो, विजयदुर्गाला दोन-अडीच मीटर धरा. अष्टमीच्या आसपास तर भांगाची, म्हणजे सगळ्यात लहान भरती, तेव्हा आणखी कमी. दशमी भांगाला जवळची, म्हणून पाण्याची ओढही मवाळ असते. होडी वल्हवणाऱ्याला ते कळतं.

बोट थेट धक्क्याला लागत नाही का?

आमच्या बोटीच्या पोटाखाली पाण्यात खोल जाणारा कणा आहे. तो नसता तर वाऱ्याने बोट आडवीच झाली असती. त्या कण्यामुळे ती उथळ धक्क्याला नेता येत नाही. शिवाय धक्का मच्छीमारांचा आहे, सकाळी त्यांचे ट्रॉलर मासळी उतरवत असतात. आपण सुट्टीवर, ते कामावर. म्हणून वाट मोकळी सोडून पाच-सहा मीटर खोल पाण्यात नांगर टाकतो, तळाला चिखल आहे, नांगर छान धरतो. साखळी पाण्याच्या खोलीच्या पाचपट सोडायची, आणि खोली मोजायची ती भरतीची.

तिथून रबरी होडीने तीन-तीन जण धक्क्यावर. होडीत उभं राहायचं नाही. धक्क्याची पायरी शेवाळलेली असते, त्यामुळे आधी हात, मग पाय. मोबाइल झिपच्या पिशवीत. हे वाक्य दरवर्षी मोठ्याने म्हणतो आणि दरवर्षी एक मोबाइल खाडीला वाहिला जातो.

बोट लागते हे माहीत आहे. पण जमिनीवर उतरल्यावर गरगरतं, हे काय?

याला आम्ही ‘जमीन लागणे’ म्हणतो. चार दिवस कानातला तोल सांभाळणारा भाग हलत्या जमिनीची सवय करून घेतो. मग स्थिर जमिनीवरही तो हलण्याचीच वाट बघत राहतो. धक्क्यावर उभे राहिलात की धक्का डुलतो. चहाच्या टपरीवर टेबल डुलतं. बंद खोलीत, विशेषतः बाथरूममध्ये डोळ्यांवर पाणी घेताना, जास्त जाणवतं, तेव्हा भिंतीला हात लावून उभे राहा. बहुतेकांचं दुपारपर्यंत जातं. लांब क्षितिजाकडे बघत चालल्याने लवकर जातं, म्हणून पहिला कार्यक्रम किल्ल्याच्या तटावरचा ठेवतो.

एका वर्षी आमच्यातला एक गृहस्थ, जो समुद्रावर एकदाही हलला नव्हता आणि ते सगळ्यांना ऐकवत होता, तो एसटी स्टँडच्या बाकावर डोकं धरून बसला. कंडक्टरने त्याला सोडा आणून दिला.

किल्ला बघायला किती वेळ ठेवावा?

तीन तास. दोन तासांत उरकतो म्हणणारे लोक आत जाऊन सेल्फी काढून येतात.

गावातून चालत दहा मिनिटांत पहिल्या दरवाजाशी पोचता. मुख्य दरवाजा समोर दिसतच नाही. वाट तटाला लगटून वळते आणि वळल्यावर अचानक तो पुढ्यात येतो. शत्रूला हत्ती किंवा ओंडका घेऊन धावायला जागाच मिळू नये, ही त्यामागची युक्ती. तिथे थांबून मागे वळून वर बघा. तुम्ही जिथे उभे आहात तिथे वरून काय काय पडू शकलं असतं, याचा अंदाज येतो.

किल्ला मूळचा शिलाहारांचा, दुसऱ्या भोज राजाच्या काळातला. शिवाजी महाराजांनी १६५३ साली आदिलशाहीकडून घेतला. त्या वर्षी विजय नाम संवत्सर होतं, त्यावरून विजयदुर्ग हे नाव पडलं असं सांगतात. पंचांगप्रेमींनी हिशेब करून बघावा: साठ वर्षांचं चक्र असल्याने २०१३ सालीही विजय नाम संवत्सरच आलं होतं, तिथून साठ-साठ मागे गेलं की बरोबर १६५३ येतं. महाराजांनी किल्ला वाढवला आणि तिहेरी तटबंदी उभी केली. एका तटाच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. चिलखतावर चिलखत.

कान्होजी आंग्र्यांच्या काळात १७१७ मध्ये इंग्रजांनी हल्ला केला आणि हात हलवत परत गेले. १७२० मध्ये पुन्हा आले. १७२४ मध्ये डचांनी नशीब आजमावलं. कुणालाच जमलं नाही. पडला तो १७५६ च्या फेब्रुवारीत, आणि ती गोष्ट मला दरवर्षी तटावर बसून सांगताना नको वाटते. तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचं फाटलं होतं. पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्रातून आले, तोफांच्या भडिमारात आंग्र्यांच्या एका गलबताने पेट घेतला आणि एकाला एक लागून बांधलेलं सगळं आरमार याच खाडीत जळालं. जे परक्यांना चाळीस वर्षांत साधलं नाही ते आपल्या भांडणाने दोन दिवसांत करून दाखवलं. आपली बोट नांगरून ठेवलेली असते ती त्याच पाण्यात. तटावरून ती दिसते, एवढीशी, काडेपेटीसारखी.

त्याच वर्षी बाणकोटच्या बदल्यात किल्ला पेशव्यांकडे आला. पुढे धुळप सुभेदारांनी इथून पेशव्यांचं आरमार चालवलं. गावात धुळपांचा वाडा आहे.

आत बघायचं म्हणाल तर खूबलढा बुरूज, सदर, दारूकोठार, तलाव, रचून ठेवलेले तोफगोळे. पण माझं म्हणणं, पश्चिमेकडच्या तटावर अर्धा तास नुसतं बसावं. तटाच्या काही भागांची पडझड झालेली आहे, त्यामुळे कडेवर चढून फोटो काढायचे नाहीत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यात विजयदुर्ग आहे. तेव्हापासून गर्दी वाढली आहे, विशेषतः शनिवार-रविवारी. आम्ही सकाळी साडेआठला आत असतो. दहानंतर शाळांच्या सहलींच्या गाड्या लागतात आणि मग किल्ल्यात शिवाजी महाराजांचा जयजयकार दर पाच मिनिटांनी होतो. तोही ऐकायला वाईट नाही.

समुद्रातली भिंत दिसते का?

नाही. ओहोटीलाही नाही. किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली सुमारे १२२ मीटर लांबीची भिंत आहे, पाणबुड्या शास्त्रज्ञांनी ती पाहून मोजली आहे. शत्रूची खोल बुडाची जहाजं तिच्यावर आदळून फुटायची असं सांगितलं जातं. आपल्या बोटीचा कणाही खोलच आहे, म्हणून आत शिरताना आम्ही किल्ल्यापासून चांगलं लांबून वळसा घेतो. भिंत बघायची इच्छा असणाऱ्यांनी एवढ्यावर समाधान मानावं की ती आपल्याला दिसली नाही, म्हणजे सगळं ठीक आहे.

हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, हे खरं ना?

किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर नावाच्या साहेबाने या ओट्यांवरून हेलियम शोधला असं कुणीही सांगेल, आणि दरवर्षी त्या तारखेला इथे हेलियम दिनही साजरा होतो.

अभिमानाची गोष्ट आहे, पण दोन ग्रहणं एकात मिसळली आहेत. १८६८ चं ग्रहण भारतातून दिसलं हे खरं. मात्र फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा आंध्रातल्या गुंटूरला होता आणि लॉकियर इंग्लंडमध्ये. लॉकियरला सूर्याच्या प्रकाशातली ती वेगळी पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिसली, तीही घरच्या दुर्बिणीतून, ग्रहणाशिवाय. पुढे २२ जानेवारी १८९८ ला पुन्हा खग्रास ग्रहण आलं, तेव्हा मात्र हाच लॉकियर, आता सर नॉर्मन लॉकियर, खरोखर विजयदुर्गाला येऊन बसला होता. ‘मेल्पोमीन’ युद्धनौकेचे खलाशी त्याच्या मदतीला होते. ओटे आणि साहेब यांची सांगड त्या भेटीशी लागते, असं माझं मत. पृथ्वीवर हेलियम सापडून तेव्हा तीन वर्षं झाली होती.

मला तर ही खरी गोष्ट जास्त आवडते. ज्याने सूर्यावरचं मूलद्रव्य ओळखलं तो माणूस तीस वर्षांनी युद्धनौका घेऊन आपल्या किल्ल्यावर ग्रहण बघायला आला. अजून काय पाहिजे? पण ओट्याशेजारी उभं राहून कुणा स्थानिकाशी यावर वाद घालू नका. एकदा मी घातला होता. माझा चहा थंड झाला.

गिर्येची गोदी वाकडी वाट करून बघण्यासारखी आहे का?

ज्यांना बोटींत रस आहे त्यांच्यासाठी किल्ल्याइतकीच. खाडीने आत तीनेक किलोमीटरवर आरमाराची गोदी आहे. खडक कापून आणि बाकी बाजूंना बांध घालून केलेली, सुमारे १०९ मीटर लांब, ७० मीटर रुंद. भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला बुडाची डागडुजी करायची, पुन्हा भरतीला बाहेर. म्हणजे आंग्र्यांचा कारखानाही तिथीवरच चालायचा. आता ती गाळाने भरत आली आहे, काठाला कांदळवन आहे, आणि समोर फलक वाचून फोटो काढून पुढे जाणाऱ्यांना तिथे ‘काहीच नाही’ असं वाटतं. रिक्षाने जा. पाण्याच्या पातळीला उतरून कापलेला कडा हाताने चाचपून बघा.

इंग्रज या किल्ल्याला ‘घेरिया’ म्हणत ते याच गिर्ये गावावरून. गावातलं रामेश्वराचं देऊळही बघा. जांभा कापून काढलेल्या खिंडीसारख्या वाटेने खाली उतरावं लागतं, भर दुपारी तिथे गारवा असतो.

कुणकेश्वर आणि देवगडही त्याच दिवशी होईल का?

होईल. आणि रात्री तुम्हाला काय पाहिलं ते आठवणार नाही. देवगड रस्त्याने तीसेक किलोमीटर, कुणकेश्वर त्याच्या पुढे. एका वर्षी एका हौशी टोळीने गाडी ठरवून तिन्ही उरकलं. संध्याकाळी त्यांच्याकडे तीन ठिकाणचे फोटो होते आणि तिघांचे पाय बादलीत. मी कुणाला अडवत नाही, पण होडी साडेसहाला सुटते आणि गाडीवाल्याच्या घड्याळावर सुटत नाही.

दुपारच्या जेवणाचं काय?

आदल्या संध्याकाळी सांगून ठेवावं लागतं, हे पहिलं. हॉटेल नाही, घरगुती खानावळ. आम्ही जातो तिथल्या काकू आधी विचारतात, “किती माणसां? आणि खातली किती?” हे दोन वेगळे प्रश्न आहेत. समुद्रावरून आलेला माणूस दोघांचं जेवतो.

मासा कोणता, ते सकाळी धक्क्यावर काय उतरलं त्यावर. सुरमई मिळाली तर उत्तम, पण माझं मन बांगड्याच्या तिखल्यावर. तिरफळं घातलेला, दाट, आमसुलाचा. पहिल्या घासाला जिभेला मुंग्या येतात त्या तिरफळांच्या. त्याच्यासोबत उकडा भात, आणि शेवटी सोलकढी, तीही वाटीने नव्हे, तांब्याने. काकू सोलकढी करताना नारळाचं पहिलं दूध वेगळं काढून ठेवतात आणि वाढायच्या अगदी आधी घालतात. फार आधी घातलं तर फाटतं, म्हणाल्या.

शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या. खरं सांगायचं तर काळ्या वाटाण्याची उसळ आली की मासे खाणारेही त्यांच्या ताटाकडे बघायला लागतात.

पैसे रोख ठेवा. ऑनलाइन पैसे चालतात, पण रेंज आपल्या मर्जीने येते-जाते.

हापूस मिळेल का?

जानेवारी-फेब्रुवारीत झाडाला मोहोर असतो, फार तर कैरी. देवगडच्या आंब्याला भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकन असलं म्हणून तो लवकर पिकत नाही. या काळात रस्त्यावर कुणी ‘देवगड हापूस’ म्हणून पेटी पुढे केली तर हात जोडा.

आंघोळीची सोय?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू आवाजात विचारला जातो. बोटीवर चार दिवस खारं पाणी आणि वर एक मग गोडं. त्यामुळे काकूंकडे विहिरीवर, दोरीने काढलेल्या पाण्याने, घागरीने अंगावर ओतून आंघोळ हा जेवणाच्या बरोबरीचा कार्यक्रम आहे. साबण जांभ्यावर ठेवू नका, लाल होतो. कपडे धुवायची घाई नको, दुपारपर्यंत वाळत नाहीत आणि ओले कपडे बोटीत घेऊन येऊ देत नाही.

खाडीत पोहता येईल का?

नांगरलेल्या बोटीवरून उडी मारून नाही. ओहोटीला खाडीचं पाणी समुद्राकडे खेचतं आणि चांगला पोहणाराही बोटीपासून बघता बघता लांब जातो. शिवाय ट्रॉलर ये-जा करतात. खडकांवर फिरायचं तर जाड तळाची चप्पल घाला. कालवांच्या शिंपल्या पात्यासारख्या असतात आणि ती जखम खाऱ्या पाण्यात भरत नाही. खडकांवर कोयतीने कालवं काढणाऱ्या बायकांना विचारून मग फोटो काढा. विचारलंत तर एखादं कालव फोडून हातावर देतील, लिंबाशिवायच खाऊन बघा.

सगळेच उतरतात? बोट एकटीच राहते?

कधीच नाही. अर्धा दिवस एक, अर्धा दिवस दुसरा, असे दोघं आळीपाळीने राखणीला. वारा फिरला की बोट नांगराभोवती फिरते, नांगर सरकतोय का हे किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरून बघत राहायचं: दीपगृह आणि एखादं ठळक झाड एका रेषेत धरा, रेषा तुटली तर हाक द्या. राखणीवाल्याला खानावळीतून डबा जातो. गंमत म्हणजे दोन वर्षं राखणीला राहिलेले लोक तिसऱ्या वर्षी स्वतःहून राखण मागतात. दुपारी बोटीवर एकटं, शीड गुंडाळलेलं, वर समुद्री गरुड घिरट्या घालतोय, आणि कुणीही चहात साखर किती यावर बोलत नाहीये.

लहान मुलं आणि वयस्कर मंडळी?

पोहता येणारी दहाच्या वरची मुलं चालतात. गुडघेदुखी असेल तर होडीतून पायरीवर चढणं हीच खरी परीक्षा, किल्ला नंतर. माझ्या आईने सत्तराव्या वर्षी हे केलं, पण ती होडीत बसल्यापासून उतरेपर्यंत रामरक्षा म्हणत होती.

कागदपत्रं काय लागतात?

प्रत्येकाचं आधार किंवा तसंच ओळखपत्र, मूळ प्रत. किनाऱ्यावर २६/११ नंतर विचारपूस होते आणि ती व्हायलाच हवी. बोटीची कागदपत्रं, माणसांची यादी, बंदराच्या कार्यालयाला कळवणं, हे आमचं काम. समुद्रात संकट आलं तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, आणि रेडिओवर चॅनेल १६. हे दोन आकडे पाठ करूनच बोटीवर पाय ठेवायचा.

यायला उशीर झाला तर?

आता माझीच गोष्ट सांगतो, म्हणजे दशमीचा एवढा आग्रह का ते कळेल.

एका वर्षी रजेच्या गोंधळात आम्ही चतुर्थीला विजयदुर्गाला पोचलो. भरती दुपारी तीनला. होडी मी धक्क्याला न बांधता पलीकडे खाडीच्या अंगाला, मोकळी जागा बघून, लावली. मग जेवण, मग गप्पा, मग कुणाच्या तरी अंगणात भजन ऐकत बसलो. आठला परत आलो तर होडी होती तिथेच होती, पाणी मात्र नव्हतं. होडी आणि पाणी यांच्यामध्ये पन्नास पावलं काळा, चकचकीत चिखल.

मी म्हटलं, ओढत नेऊ. तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत गेलो. पाचव्याला उजवी चप्पल आत राहिली. हात घालून शोधली तर दुसऱ्याच कुणाची तरी, कोण जाणे किती वर्षांपूर्वीची, चप्पल हाताला लागली. वर बांधावर एक म्हातारे आजोबा विडी ओढत हे बघत होते. त्यांनी बराच वेळ काहीच म्हटलं नाही. मग म्हणाले, “आज चौथ मां? भरती तिनाक झाली. आता पाणी बारा वाजल्याशिवाय खयसून येतला?”

आम्ही चौघं त्यांच्या पडवीत बसलो. त्यांच्या सुनेने पाय धुवायला गरम पाणी दिलं, चहा दिला, एक शब्द बोलली नाही, पण पदराआड हसत होती ते दिसलं. बाराला पाणी आलं. होडी आपोआप उचलली गेली, जणू काही झालंच नाही. बोटीवर राखणीला असलेला मित्र तोवर तटरक्षक दलाला फोन लावायच्या बेतात होता.

तेव्हापासून नियम: होडी साडेसहाला सुटते. चुकलात तर गावात ओळख काढून मुक्काम करा, सकाळी सहाला न्यायला येऊ.

दुसऱ्या दिवशी किती वाजता निघायचं?

पहाटे साडेपाचला उठायचं. रात्रभर जमीन थंड होते आणि पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, ते मतलई वारे. त्यांच्यावर बोट इंजिनाशिवाय खाडीच्या बाहेर पडते. नऊ-दहाला वारा पडतो, शीड लोंबकळतं, तेव्हा नाश्ता करून घ्यायचा. दुपारी खारे वारे वायव्येकडून उठतात आणि पाठीमागून ढकलत मालवणपर्यंत नेतात. याच कारणाने आम्ही मुंबईहून गोव्याकडे जातो, उलटं नाही.

नांगर वर येतो तो वाघोटणचा काळा चिखल घेऊनच. तो बादलीने धुतल्याशिवाय बोटीवर घ्यायचा नाही, आणि आदल्या संध्याकाळी होडीला जो सगळ्यात शेवटी आला, त्याने धुवायचा.